न्यायालयीन वादांतील विधिमंडळाचा सहभाग

न्यायालयापुढील वादात स्वतः पक्षकार नसताना, कायद्याचा प्रश्न नीट उलगडावा म्हणून न्यायालयास साहाय्य करणारी व्यक्ती वा संस्था म्हणजे न्यायमित्र होय. ‘अमिकस क्यूरी’ या लॅटिन संज्ञेचा हा मराठी पर्याय. असे साहाय्य बहुधा एखाद्या ज्येष्ठ वकिलाकडून घेतले जाते. तथापि काही देशांत कायदे करणारे सभागृहही न्यायमित्र म्हणून आपले लेखी निवेदन न्यायालयापुढे ठेवते. भारतात ही प्रथा रुजली नाही. येथील विधिमंडळे न्यायालयात गेली ती बहुतेक वेळा आपल्या विशेषाधिकारांच्या रक्षणासाठी, आणि तीही आढेवेढे घेत. कित्येकदा तर ती गेलीच नाहीत. या इतिहासातील महत्त्वाच्या प्रसंगांशी सातारा व सांगली या जिल्ह्यांतील व्यक्तींचा निकटचा संबंध आला आहे.

इंग्लंडमध्ये हा पेच स्टॉकडेल विरुद्ध हॅन्सर्ड या वादात प्रथम तीव्रतेने प्रकट झाला. कॉमन्स सभागृहाच्या आदेशावरून छापलेल्या अहवालात आपली बदनामी झाली, असे म्हणून स्टॉकडेल या प्रकाशकाने सभागृहाच्या मुद्रकांवर दावा लावला. सभागृहापुढे दोन मार्ग होते : न्यायालयास दाद न देणे किंवा न्यायालयात जाऊन आपला विशेषाधिकार मांडणे. सभागृहाने दुसरा मार्ग पतकरला आणि १८३९ मध्ये निकाल त्याच्या विरुद्ध गेला. त्यानंतर नुकसानभरपाईची वसुली करणाऱ्या मिडलसेक्सच्या शेरीफांना सभागृहाने कैदेत टाकले व अखेर १८४० मध्ये कायदा करून प्रश्न मिटविला. न्यायालयात बाजू मांडली म्हणजे निकालही मानावा लागतो, हा या प्रकरणाचा धडा पुढील काळातील विधिमंडळे विसरली नाहीत.

अमेरिकेत मात्र या सहभागास व्यवस्थित रूप मिळाले. १९७८ च्या कायद्याने सीनेटचे स्वतंत्र विधी कार्यालय निर्माण झाले आणि सीनेटच्या नावाने वादात हस्तक्षेप करण्याची वा न्यायमित्र म्हणून निवेदन देण्याची रीत ठरवून दिली गेली. प्रतिनिधिगृहाचेही स्वतःचे विधिसल्लागार आहेत. या व्यवस्थेची गरज चढ्ढा खटल्यात (१९८३) दिसून आली. त्यात कायद्यातील एक कलम घटनाबाह्य आहे, हे खुद्द शासनाच्या वकिलांनाच मान्य होते. त्यामुळे कायद्याची बाजू घेण्यास काँग्रेसची दोन्ही सभागृहे पुढे आली. शासन व विधिमंडळ यांची मते भिन्न असू शकतात, हे तेथे गृहीतच आहे. संसदीय पद्धतीत मंत्रिमंडळ सभागृहातील बहुमतावर उभे असते. म्हणूनच सभागृहाला वेगळा वकील कशाला, असा प्रश्न भारतात दीर्घकाळ कोणाला पडला नाही.

भारतीय कायद्यात त्यासाठी जागा नव्हती असे नाही. संविधानाच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न दाव्यात उद्‌भवल्यास महान्यायवादी किंवा महाधिवक्ता यांना सूचना द्यावी, अशी तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २७-क मध्ये आहे. १९७६ च्या दुरुस्तीने आदेश १ मध्ये नियम ८-क घालण्यात आला. दाव्यातील कायद्याच्या प्रश्नात हितसंबंध असलेल्या व्यक्तीस वा व्यक्तिसमूहास आपले मत मांडण्याची परवानगी न्यायालय त्यान्वये देऊ शकते. शब्दशः पाहता विधिमंडळही अशी परवानगी मागू शकेल. पण या नियमाचा आधार घेण्याची परंपरा विधिमंडळांनी निर्माण केली नाही. कायद्याच्या वैधतेला आव्हान मिळाले, की त्याची बाजू राज्य शासन मांडते आणि शासनाच्या वतीने महाधिवक्ता उभा राहतो. अनुच्छेद १७७ प्रमाणे महाधिवक्त्यास विधिमंडळाच्या सभागृहात बोलता येते, मत मात्र देता येत नाही. सभागृहात बोलू शकणारा व न्यायालयातही उभा राहणारा असा हा एकच दुवा संविधानाने ठेवला आहे. परंतु तो अधिकारी शासनाचा आहे, सभागृहाचा नव्हे.

या व्यवस्थेत सभागृहाचे म्हणणे न्यायालयापर्यंत कसे पोहोचते, हे महाराष्ट्रातील नृत्य-बारबंदीच्या प्रकरणावरून कळते. सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना २००५ मध्ये मुंबई पोलीस अधिनियमात ३३-क व ३३-ख ही कलमे घालण्यात आली. पहिल्याने उपाहारगृहे व बार यांतील नृत्यास बंदी केली; दुसऱ्याने तारांकित हॉटेले व क्लब यांना तीतून वगळले. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी रद्द ठरविली व १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. बंदीचे आणि वर्गीकरणाचे समर्थन करील अशी पुरेशी सामग्री शासनाने पुढे ठेवली नाही, हा निकालातील एक प्रमुख मुद्दा होता. सभागृहात पक्षभेद विसरून एकमुखाने व्यक्त झालेली भावना न्यायालयात पोहोचली ती केवळ विधेयकाच्या उद्देशकथनाच्या आणि शासकीय प्रतिज्ञापत्रांच्या रूपाने. विधिमंडळाने याचे उत्तर न्यायालयात दिले नाही, ते नव्या कायद्याने दिले. २०१४ मध्ये पुन्हा बंदी घालण्यात आली. तिला २०१५ मध्ये स्थगिती मिळाली. २०१६ मध्ये बंदीऐवजी कडक नियमनाचा कायदा झाला व त्यातील अनेक अटी १७ जानेवारी २०१९ रोजी रद्द झाल्या. चौदा वर्षांचा हा संवाद दोन्ही संस्थांनी एकमेकींशी प्रत्यक्ष न बोलता चालविला, असे म्हणता येईल.

याच भूमीत याहून अगदी निराळी रचनाही एकदा होऊन गेली होती. औंध संस्थानात १९३९ मध्ये भवानराव पंतप्रतिनिधी यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने स्वराज्याची घटना दिली. संस्थानातील ७२ गावे विखुरलेली होती : औंधचा भाग आजच्या सातारा जिल्ह्यात, आटपाडी व कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात, तर गुणदाळ विजापूरकडे. गावाने निवडलेल्या पंचायतीकडे कारभाराबरोबर न्यायदानही होते. पंचायतींच्या अध्यक्षांतून तालुका समिती व तालुका समित्यांतून विधिसभा बनत असे. त्यामुळे गावात निवाडा करणारा पंच विधिसभेत कायदा करणाराही असू शके. अशा घटनेत विधिमंडळाने न्यायालयाचा मित्र म्हणून जाण्याचा प्रश्नच नव्हता. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि सत्ताविभाजनावर आधारलेली नवी घटना १९५० पासून या गावांनाही लागू झाली.

नव्या घटनेच्या अनुच्छेद १९४ (३) ने राज्य विधिमंडळांना, कायद्याने ठरवून घेईपर्यंत, ब्रिटिश कॉमन्स सभागृहाचे विशेषाधिकार दिले. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने कॉमन्सचा उल्लेख गेला, पण आशय बदलला नाही. अनुच्छेद २१२ प्रमाणे सभागृहाच्या कामकाजाची वैधता कार्यपद्धतीतील अनियमिततेच्या कारणावरून न्यायालयात तपासता येत नाही. अनुच्छेद २११ प्रमाणे न्यायाधीशांच्या कर्तव्यपालनातील वर्तनाची चर्चा सभागृहात करता येत नाही. दोन्ही बाजूंनी कुंपण घातले, तरी नागरिकाच्या अटकेचा प्रश्न कुंपणाच्या कोणत्या बाजूस येतो, हे संविधानाने सांगितले नाही. मार्च १९५२ मध्ये ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाचे होमी मिस्त्री यांना उत्तर प्रदेश विधानसभेच्या अवमानाबद्दल मुंबईत पकडून लखनौला नेण्यात आले, तेव्हा तो पहिल्यांदा सर्वोच्च न्यायालयात आला. मिस्त्री यांना चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले नव्हते; महान्यायवादीने ही वस्तुस्थिती मान्य केल्यावर त्यांच्या सुटकेचा आदेश झाला. विशेषाधिकाराची तात्त्विक बाजू तेव्हा मांडली गेलीच नाही.

ती मांडली गेली १९६४ मध्ये, केशवसिंह प्रकरणात. गोरखपूरचा हा समाजवादी कार्यकर्ता. एका आमदाराविरुद्ध त्याने पत्रक काढले, म्हणून उत्तर प्रदेश विधानसभेने त्यास १४ मार्च रोजी समज दिली. सभागृहात तो अध्यक्षांकडे पाठ करून उभा राहिला. शिवाय त्याने अध्यक्षांस लिहिलेले पत्रही आक्षेपार्ह ठरले. त्याला सात दिवसांची कैद झाली. १९ मार्च रोजी ॲडव्होकेट सॉलोमन यांनी त्याच्या वतीने बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ पीठावरील न्यायमूर्ती नसीरुल्ला बेग व न्यायमूर्ती सहगल यांनी त्यास जामिनावर सोडले. २१ मार्च रोजी सभागृहाने ठराव केला, की केशवसिंह, त्याचे वकील व दोन्ही न्यायाधीश यांनी सभागृहाचा अवमान केला असून न्यायाधीशांना पकडून सभागृहापुढे आणावे. न्यायाधीशांनी आपल्याच न्यायालयात अर्ज केले. २८ न्यायाधीशांचे पूर्णपीठ बसले आणि त्याने ठरावाच्या अंमलबजावणीस स्थगिती दिली. सभागृहाने आपला ठराव काहीसा सौम्य केला. पण ताण ओसरला नाही. २६ मार्च रोजी राष्ट्रपतींनी अनुच्छेद १४३ खाली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे सल्ल्यासाठी पाठविला.

सरन्यायाधीश होते प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. त्यांचा जन्म १६ मार्च १९०१ रोजी सातारा येथे, संस्कृत विद्येची परंपरा असलेल्या घराण्यात झाला. शालेय शिक्षण साताऱ्यास व पुढील शिक्षण धारवाड आणि पुणे येथे झाल्यावर ते मुंबईस वकिली करू लागले. १९४५ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. सरन्यायाधीशपदाची सूत्रे त्यांनी १ फेब्रुवारी १९६४ रोजी घेतली होती. म्हणजे हा निर्देश आला तेव्हा त्यास दोन महिनेही झाले नव्हते. त्यांच्या अध्यक्षतेखाली सात न्यायाधीशांचे पीठ बसले.

उत्तर प्रदेश विधानसभेच्या वतीने होरमसजी माणेकजी सीरवई उभे राहिले. ते त्या वेळी महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते. न्यायाधीशांची बाजू माजी महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली. दोघेही मुंबईच्या वकीलवर्गातील आणि सरन्यायाधीशही त्याच न्यायालयात वाढलेले. लखनौचा तंटा दिल्लीत मुंबईच्या कायदेपंडितांनी लढविला असे झाले. सीरवई यांनी प्रारंभीच स्पष्ट केले, की सभागृहाची येथील उपस्थिती म्हणजे न्यायालयाच्या अधिकारितेस संमती नव्हे. आपल्या विशेषाधिकारांची व्याप्ती ठरविण्याचा अधिकार एकट्या सभागृहाचाच आहे. त्यानंतर त्यांनी सविस्तर युक्तिवाद केला. कायद्याच्या काटेकोर भाषेत सभागृह येथे न्यायमित्र नव्हते, कारण वाद त्याचाच होता. परंतु निर्देश सल्ल्यापुरता असल्याने कोणावर हुकूमनामा व्हावयाचा नव्हता. पुढे केवळ कायद्याचे प्रश्न होते आणि त्यांवर न्यायालयास मत देता यावे म्हणून सभागृहाने आपले म्हणणे मांडले. भारतातील विधिमंडळ न्यायमित्राच्या भूमिकेच्या सर्वांत जवळ आले ते या प्रसंगी.

३० सप्टेंबर १९६४ रोजी सहा न्यायाधीशांच्या बहुमताचे मत गजेंद्रगडकरांनी दिले. न्यायमूर्ती सरकार यांनी वेगळे मत नोंदविले. सभागृहाबाहेरील नागरिकास कैद झाल्यास उच्च न्यायालय त्याच्या अर्जाचा विचार करू शकते. असा अर्ज ऐकल्याने न्यायाधीशांकडून अवमान घडत नाही. आणि अटकपत्रात कारणे दिली नाहीत एवढ्यावरून ते अंतिम ठरत नाही, असे बहुमताने सांगितले. कॉमन्स सभागृहाचे काही अधिकार ते एके काळी वरिष्ठ न्यायालय होते यातून आले. भारतीय विधानसभा तशा कधीच नव्हत्या, हा या मताचा ऐतिहासिक पाया होता. पुढे इंग्रजी घटनेच्या या वाचनावर सर्वांत कठोर टीका केली ती सीरवई यांनीच, आपल्या संविधानावरील ग्रंथात.

जानेवारी १९६५ मध्ये मुंबईत भरलेल्या पीठासीन अधिकाऱ्यांच्या परिषदेने संविधानदुरुस्तीची मागणी केली. केंद्र शासनाने ती स्वीकारली नाही. मार्च १९६५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने केशवसिंहाचा मूळ अर्ज गुणवत्तेवर फेटाळला. सभागृहास अवमानाबद्दल शिक्षा करण्याचा अधिकार आहे, हे त्यात मान्य झाले. म्हणजे तत्त्व न्यायालयाचे राहिले आणि उरलेली कैद केशवसिंहाच्या वाट्यास आली. सभागृह न्यायालयात गेले म्हणून त्याचे नुकसानच झाले, असे या प्रकरणावरून म्हणता येत नाही. पीठासीन अधिकाऱ्यांनी मात्र त्यातून उलटा बोध घेतला.

त्यानंतर न्यायालयाच्या सूचनेस प्रतिसाद न देण्याकडे विधिमंडळांचा कल वाढला. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या आरोपावरून डिसेंबर २००५ मध्ये संसदेतून अकरा सदस्य काढून टाकण्यात आले. त्यांत महाराष्ट्रातील सदस्यही होते. या बडतर्फीविरुद्धच्या अर्जांत लोकसभेचे अध्यक्ष सोमनाथ चटर्जी यांनी न्यायालयाची सूचना स्वीकारली नाही. बडतर्फीचे समर्थन शासनाच्या वकिलांनी केले व जानेवारी २००७ मध्ये निकाल संसदेच्या बाजूने लागला. पक्षांतराच्या प्रकरणांत मात्र असे अलिप्त राहता येत नाही. दहाव्या अनुसूचीखाली निर्णय देणारा अध्यक्ष हा न्यायाधिकरण असतो व त्याचा निर्णय न्यायालयीन पुनर्विलोकनास पात्र असतो, असे किहोटो होलोहन प्रकरणी (१९९२) ठरले आहे. एकच व्यक्ती सभागृहाची प्रमुख म्हणून सूचना नाकारू शकते आणि न्यायाधिकरण म्हणून तिला उत्तर द्यावे लागते, अशी ही चमत्कारिक स्थिती आहे.

महाराष्ट्रात ही स्थिती चार वर्षांत तीनदा अनुभवास आली. सप्टेंबर २०२० मध्ये वृत्तवाहिनीचे संपादक अर्णव गोस्वामी यांच्याविरुद्ध विधानसभेत विशेषाधिकारभंगाची सूचना दाखल झाली. गोस्वामी सर्वोच्च न्यायालयात गेले. विधिमंडळाची गोपनीय पत्रे त्यांनी न्यायालयात दाखल केल्याबद्दल विधिमंडळ सचिवालयाकडून त्यांना १३ ऑक्टोबर रोजी पत्र गेले. न्यायालयाकडे दाद मागणाऱ्यास हा धाक आहे, असे मानून ६ नोव्हेंबर रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने पत्र पाठविणाऱ्या अधिकाऱ्यास अवमानाची कारणे दाखवा नोटीस काढली आणि ज्येष्ठ वकील अरविंद दातार यांना न्यायमित्र नेमले. १५ डिसेंबर २०२० रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला, की या प्रकरणी उच्च वा सर्वोच्च न्यायालयाच्या कोणत्याही नोटिशीस उत्तर देऊ नये. उत्तर देणे म्हणजे विधिमंडळावर न्यायसंस्थेची देखरेख मान्य करणे होय व ते संविधानाच्या मूलभूत चौकटीशी विसंगत होईल. विधानसभेत अध्यक्षपदी नाना पटोले होते. विधान परिषदेत हा ठराव जाहीर केला तो सभापती रामराजे नाईक-निंबाळकर यांनी. ते सातारा जिल्ह्यातील फलटणचे, १९४८ मध्ये विलीन झालेल्या संस्थानाच्या राजघराण्यातील.

ज्या वादात न्यायालयाने आपण होऊन मित्र शोधला, त्याच वादात ज्याला सर्वांत अधिक सांगावयाचे होते त्या सभागृहाने मौन पतकरले. तोटा एकट्या सभागृहाचा नसतो. नागरिकाला न्यायालयात कोणती कागदपत्रे दाखल करता येतात, आणि सभागृहाची गोपनीयता कोठवर टिकते, यांवर विधिमंडळाचे सुसंगत म्हणणे ऐकण्याची संधी त्या वेळी गेली.

५ जुलै २०२१ रोजी विधानसभेने भाजपच्या बारा सदस्यांना एक वर्षासाठी निलंबित केले. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी, अधिवेशनाच्या मुदतीपलीकडील निलंबन घटनाबाह्य ठरविले. इतका काळ मतदारसंघ प्रतिनिधीविना ठेवणे बडतर्फीहूनही कठोर आहे, असे त्यामागील कारण होते. पुढील महिन्यात राष्ट्रपती रामनाथ कोविंद मुंबईत आले असता नाईक-निंबाळकर, उपसभापती नीलम गोऱ्हे व विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवळ यांनी त्यांना निवेदन देऊन विधिमंडळाच्या अधिकारांचा हा प्रश्न मांडला. न्यायालयापुढे न जाता राष्ट्रपतींपुढे जाण्याचा हा मार्ग १९६४ च्या वाटेनेच जाणारा होता. मात्र या वेळी निर्देश झाला नाही.

काही महिन्यांतच मौनाचा हा पवित्रा सुटला. जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली. फुटीचे नेते एकनाथ शिंदे यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील दरे. प्रथम अपात्रतेच्या नोटिसा गेलेल्या सोळा आमदारांत त्यांच्यासह कोरेगावचे (जि. सातारा) महेश शिंदे आणि खानापूरचे (जि. सांगली) अनिल बाबर हे होते. अध्यक्षपद रिक्त असल्याने नोटिसा झिरवळ यांनी काढल्या होत्या आणि उत्तरासाठी दिलेल्या अल्प मुदतीस सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळाले. न्यायाधिकरण या नात्याने झिरवळ यांनी तेथे प्रतिज्ञापत्र दाखल केले. अठरा महिन्यांपूर्वी ज्या विधिमंडळाने नोटिशीस उत्तर न देण्याचा ठराव केला, त्याच्याच उपाध्यक्षांना उत्तर देणे भाग पडले. ११ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने निकाल दिला : अपात्रतेचा निर्णय प्रथमतः अध्यक्षांनीच वाजवी मुदतीत घ्यावा, प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा आहे, त्यामुळे शिंदे गटाच्या प्रतोदास दिलेली मान्यता अवैध होय. पुढे निर्णयास होणाऱ्या विलंबाबद्दल न्यायालयाने अध्यक्ष राहुल नार्वेकर यांना वेळापत्रक घालून दिले व १० जानेवारी २०२४ रोजी त्यांनी दोन्ही गटांतील आमदारांविरुद्धचे अर्ज फेटाळले. स्वतःला हटविण्याची सूचना आलेली असताना अध्यक्षास अपात्रतेचे अर्ज ऐकता येतात काय, हा नबाम रेबिया प्रकरणापासून (२०१६) चालत आलेला प्रश्न घटनापीठाने सात न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविला.